बटणात बसेल एवढी मराठी

शब्दाला पंच्याऐंशी पैसे.
बटणावर फक्त आठ खुणा मावतात,
काना, वेलांटी, उकार वेगळे मोजून,
मधली मोकळी जागाही धरून.
ही अट हनोईतल्या कुणीतरी घातली होती.

मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या मागे,
भोपळे वाळत घातलेल्या गच्चीसमोर
मी तीन वर्षं मोबाइल गेमांची मराठी केली.
खाली कुणीतरी दिवसभर एकच तार लावत असायचं
आणि वर मी 'कंटिन्यू'ला शब्द शोधत असायचे.
'सुरू ठेवा' नऊ भरलं. काना बाहेर.
'पुढे चला' नेमकं आठ.
पाठवून दिलं आणि मग हसू आलं,
लाखभर फोनांत मी एसटीचा कंडक्टर उभा केला होता.

'क्लेम'ला मशीन म्हणायचं 'दावा करा'.
मी ते खोडून लिहायचे 'घ्या'.
दारात आलेल्याला म्हणतो तसं. घ्या, संकोच नको.
'डेली रिवॉर्ड'ला नुसतं 'रोज' लिहिणार होते,
पण वडील सूतगिरणीत रोजावर होते
आणि त्यांना तो असा
नाणी उधळत, घुंगरं वाजवत कधी मिळाला नव्हता.

'लाइव्ह्ज'चं मात्र चटकन झालं.
जीव.
पाच जीव. जीव संपले.
नवा जीव: चोवीस मिनिटांत.
थांबायचं नसेल तर जाहिरात पाहा.

श्रावण सरता सरता पैशाची रमी कायद्यानं बंद झाली,
माझ्या फाइली निम्म्यावर आल्या.
वाईट वाटून घ्यावं का, कळेना.
त्या पत्त्यांच्या मजकुरावर माझा गॅस सिलिंडर येत होता,
त्याच पत्त्यांत समोरच्या तौफिकची गाडी गेली होती.
'ताई, मराठी लई गोड होती बघा,' तो म्हणाला,
'हरलो तरी वाटायचं, कुणीतरी समजूत घालतंय.'

मग निरुपद्रवी गेम आले.
फळं जुळवा, शेत नांगरा, खरकटी भांडी घासा.
त्यांना पैसे लागत नाहीत,
फक्त माणूस लागतो,
तीस सेकंद, डोळे उघडे ठेवून.

दिवाळीनंतर मेल आली. आभार वगैरे.
यापुढे मशीनच करेल,
'तुमच्याच फाइलींवर शिकलंय,
त्यामुळे सूर तोच राहील.'
सूर.
खाली तार अजून लागत नव्हती.

जानेवारीत थोरल्या जाऊबाईंचं ऑपरेशन.
रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर
रुक्साना शिकलगार भेटली, कवठेमहांकाळची.
तिचा मुलगा आत, तिसरा दिवस.
कांबळ्यात पाय घेऊन ती मोसंबीला मोसंबी जुळवत होती,
आवाज अगदी बारीक करून.
पाचही गेले. पडद्यावर आलं,
नवा जीव: चोवीस मिनिटांत.

हे मी लिहिलंय, म्हणणार होते.
तोंडातून निघालं नाही.
तीच म्हणाली, 'डॉक्टर काय सांगत न्हाईत.
ह्यो निदान टायम तरी सांगतो.'

जाहिरात नको म्हणाली. बसून राहिलो.
मध्ये एकदा दार उघडलं,
नर्सनं दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं,
एक म्हातारा चप्पल न घालताच उठला.
तेवढ्यात फोननं आपणहून नवा अपडेट उतरवून घेतला.

चोवीस मिनिटं झाली.
बटणावर माझं 'पुढे चला' नव्हतं.
मशीननं 'सुरू ठेवा' घातलं होतं
आणि शेवटचा काना बटणाबाहेर कापला गेला होता.

सुरू ठेव.

ठेवा नाही, ठेव. घरचं माणूस म्हणतं तसं.
मला तीन वर्षांत हे सुचलं नव्हतं.
रुक्सानानं वाचलंही नाही.
अंगठा तेवढा टेकवला.